आडवा वारसा

खाडीचं पाणी ओसरलं की चिखलावर
पापडासारखा पापुद्रा उरतो, वर हिरवट, खाली जांभळा.
त्यातून नखभर खरवडते, नळीत घालते,
नळीवर तारीख, वेळ, माझी आद्याक्षरं.
उम्म अल कुवैन. ऑगस्ट. पहाटेचे पावणेसहा.
चष्म्याच्या काचा इथे बाहेरून धुकटतात.

डॉक्टर हेसा म्हणतात, "शर्मीन, यांच्यात घराणं नसतं,
शेजार असतो."
एक जीवाणू मरतो, फुटतो, त्याच्या जनुकाचा धागा
पाण्यात सुटतो, आणि दुसरा कोणी,
ना मुलगा ना पुतण्या,
तो धागा गिळून आपल्या अंगात शिवून घेतो.
आमच्याकडे वारसा उभा उतरतो:
बापाचं नाक, आईचा दमा,
म्हसळ्याच्या घरातला साडेतीन आण्यांचा हिस्सा
आणि त्यावरून अठरा वर्षं चाललेला दावा.
यांचा आडवा जातो. भिंतीपलीकडून
वाटीभर साखर मागावी तसा.

झरगुलचा तंदूर मशिदीमागच्या गल्लीत.
त्याच्या पिठाचं बीज बावीस वर्षांपूर्वी खोस्तहून आलं,
ओल्या फडक्यात गुंडाळून.
कस्टमवाल्याने हुंगलं आणि जाऊ दिलं.
रोज पहाटे त्यातला मूठभर गोळा उद्यासाठी मागे ठेवायचा.
खाडा नाही. ईदलाही नाही.
मी गंमत म्हणून चिमूटभर मागितला, तर विचारतो,
"त्याला दुखतं का?"

सहा आठवड्यांनी पडद्यावर अक्षरांची रांग,
चारच अक्षरं, फिरून फिरून तीच.
यीस्टचं जनुक, यीस्टचं, यीस्टचं,
आणि मध्येच नऊशे अक्षरांचा एक तुकडा
जो यीस्टचा नव्हताच.
पापुद्र्यातला होता. मीठ सोसणारा.
मी खुर्ची मागे सरकवली.
मग पुन्हा पुढे.

संध्याकाळी झरगुलला सांगितलं.
सुरुवातीला पैसे नसायचे, तो म्हणाला,
तेव्हा मीठ खाडीकाठचंच खरवडून आणायचो,
कुणाला सांगू नकोस.
मग कोपरापर्यंतचे हात पिठात तसेच ठेवून:
"म्हणजे माझ्या खमिराला बताका मिळाला!
मला अजून दर दोन वर्षांनी शिक्का लागतो."
इतका हसला की रांगेतला बंगाली पोरगाही हसला,
काही न कळता.

डॉक्टर हेसा हसल्या नाहीत.
"बावीस वर्षं म्हणजे यांच्या हिशेबातही एक शिंक.
खाडीचा नमुना आणि हे पीठ, दोन्ही एकाच टेबलावर होतं ना?"
होतं. मला टेबल एकच आहे.
पुन्हा केलं. तीन नळ्या, नवे हातमोजे, टेबलाला स्पिरिट.
दोन नळ्यांत तुकडा नव्हता.
तिसरीत होता.
वहीत लिहिलं: अनिर्णित.
नळी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, डावा कप्पा, अगदी मागे.

नोव्हेंबरात झरगुलचा शिक्का आला नाही.
दुकान मालकाने मोबाईलवाल्याला दिलं.
जाताना त्याने स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला.
"रोज खायला घाल. विसरलीस तरी रागावत नाही,
फक्त आंबट होतं."

आज सांदणं करायला घेतली.
सांदणाला माडी लागते, इथे कुठली माडी;
आजवर पाकिटातले दाणे घातले
आणि अम्मीला फोनवर थाप मारली.
आज तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध
आणि तो गोळा, लिंबाएवढा.

रात्री अडीचला उठले.
झाकण बोटभर वर आलं होतं.
खोस्तचं, खाडीचं, की माझ्याच टेबलाचं,
कोण जाणे. वाकून कान लावला.
बुडबुडा फुटताना आवाज येतो, फार बारीक,
पलीकडून कोणीतरी
वाटी पुढे केल्यासारखा.