बादलीतली ओहोटी

मेटेघनच्या धक्क्यामागं
आमिषाच्या निळ्या बादल्या पडलेल्या असतात.
आठ उचलून आणल्या.
कायदा घरटी चार झाडं देतो,
आणि बादलीत बादली बसवावी लागते.
हेरिंगचा वास साबणानं गेला नाही.
झेली म्हणाली, राहू दे,
गांजाला कुठं नाक असतं.

खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत माती.
मधे दह्याचा डबा, भोकं पाडलेला,
ठासून भरलेला,
पाण्यात पाय सोडून बसलेला.
कंदिलाच्या वातीत घासलेट चढतं
तसं पाणी त्याच्यातून वर जातं.
मुलीच्या शाळेच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हटलं होतं.
मी तहान म्हणतो.

माती विकतची नाही.
शेवंडांची कवचं हातोड्यानं कुटली,
किनाऱ्यावरचं शेवाळ तीन पावसांत ठेवून
त्यातलं मीठ घालवलं.
सेराफँच्या गोठ्यातलं दोन वर्षं मुरलेलं शेण,
गांडुळांची काळी भुकटी,
आणि मूठ आवळून पाहिलं:
लाडू वळतो, बोटानं टोकला की फुटतो.
एवढं जमलं की बाकी काम
डोळ्यांना न दिसणारे करतात.
त्यांना मजुरी नाही, सुट्टी नाही.

एका कोपऱ्यात नळी, नळीत काडी,
काडीच्या टोकाला जुन्या जाळ्याचं बूच.
काडी वर आली, भरती.
काडी बुडाली, ओहोटी.
बाहेर सबंध उपसागर दिवसातून दोनदा
घरापर्यंत येतो आणि परत जातो,
आत बादलीत आठवड्याला एकदाच.

जुलैपासून सोमवार ते शुक्रवार हॅलिफॅक्स.
तिथं एक यंत्र झेलीकडं बारा मिनिटं बघतं,
मग दिवसभर तिच्या पोटात काही ठरत नाही.
शनिवारी घरी आलो की मी आधी पडवीत,
बूट न काढता.
धुकं होतं, बुरशीची धास्ती होती,
पण झाडं माझ्या खांद्याला लागली होती.
काडी चार बोटं खाली. बस.
पाच दिवसांत कुणी फिरकलं नव्हतं,
सेराफँ म्हणाला येईन, आला नाही.

खरं सांगतो, थोडा राग आला.
कुणावाचून कुणाचं अडत नाही, हे माहीत असतं,
पण ते असं हिरवंगार होऊन
दारात उभं राहू नये.

मी झाडं मारलेली आहेत, पाणी घालून.
आईचं जिरेनियम, दोन सालं टोमॅटो.
सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी,
पान पिवळं पडलं की आणखी पाणी.
मुळं कुजेपर्यंत मला ती माया वाटायची.

ऑगस्टात तिसरं झाड नर निघालं.
परागाच्या गाठी दिसल्या तसं उपटलं.
मुळं खालपर्यंत गेली होती,
डब्याच्या भोकांतून बाहेर,
पाण्यात पांढरी, बाळाच्या जावळासारखी.
ती बादली रिकामीच ठेवली.
रिकामी मातीसुद्धा पाणी ओढत राहिली, हळूहळू.

त्याच रात्री मी झेलीच्या ओठांशी पेला धरला.
एक घोट. बरं, अर्धा. माझ्यासाठी.
तिनं दात मिटले.
मग, पेल्याकडं न बघता,
म्हणाली, आंसेल्म,
मलाही तसली बादली करून दे.
लागेल तेवढं मी घेईन.

मी हसलो नाही. तीच हसली,
आणि त्यानं तिला खोकला आला.

उशाशी काचेचा पेला ठेवला, त्यात नळी,
आणि पडवीत जाऊन बसलो.
हात कुठं ठेवावेत कळेना.
अंधारात कळ्यांचा वास होता, राळेचा,
ओल्या लाकडाचा, आणि खालून हेरिंगचा.
सप्टेंबर संपेल तेव्हा कापायच्या,
सावलीत वाळवायच्या,
तोवर तिला चालतील की नाही,
डॉक्टरीणबाई म्हणतात, बघू.

पहाटे आत गेलो.
ती झोपली होती, भिंतीकडं तोंड करून.
पेल्यातलं पाणी बोटभर उतरलं होतं.

लगेच भरला नाही.