दवाखान्याची पाटी

हर्णैच्या बंदरात मी होड्यांवर नावं काढतो.
खारं पाणी अक्षरं चाटून नेतं,
दर श्रावणात तीच नावं, तोच ब्रश.
दवाखान्याची पाटी मात्र पहिलीच.

‘डॉ’वरचा चंद्र जरा तिरका गेला
तेव्हा विचारलं, बाई, ह्या शब्दाचा अर्थ काय?
वायदंडेबाई घाटावरच्या, सांगोल्याच्या,
सुकटीच्या वासाने अजून खिडकी लावून घेणाऱ्या.
म्हणाल्या, लॅटिन आहे. शिकवणारा.
म्हणजे मास्तर?
बीपी मोजायला बसलेले आठल्ये मास्तर हसले:
आपला वैद्य बघ. विद् धातू, जाणणे.
वेद त्यातलाच.
वेदनाही.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला,
कारण तेवढ्यात चौघांनी उचलून आणला फैजान,
चिखलात पाकटावर पाय पडलेला,
ओरडून ओरडून आवाज संपलेला.
बाईंच्या पुस्तकात साप होता, विंचू होता,
पाकट नव्हतं.
सुई भरली, हात थबकला.

मागोमाग खैरूनबी, डोक्यावर टोपली तशीच.
हिला कुणी हकीम म्हणत नाही, वैदीण म्हणत नाही,
नुसतं बोलावणं जातं.
‘पाणी तापव गो. सोसवेल तितकंच.
आधी चांगला पाय बुडव त्याचा,
दुखऱ्याला कळायचं नाही काय भाजतंय.’
बाई धावल्या शेगडीकडे.
हकीम आणि हुकूम, एकाच मुळाचे,
मास्तर पुटपुटले. ऐकायला कुणी नव्हतं.

घमेल्यात पाय. पाणी निवलं की पुन्हा गरम. पुन्हा.
काटा मग बाईंनीच काढला, धनुर्वाताची सुई दिली.
फैजानने पाकटाच्या आईवरून पहिली शिवी हासडली
तेव्हा सगळे बसले.

संध्याकाळी बाईंनी वही उघडली.
किती गरम? किती वेळ?
कोणत्या महिन्यात येतं हे काठाला?
खैरूनबी सांगत होती, बांगड्यांवरच्या माशा हाकत,
आणि मध्येच तिनेच विचारलं,
त्या सुईत काय गो असतं?
मग बाई सांगत बसल्या.
मास्तरांचं बीपी राहिलंच.

चंद्र पुसून सरळ करायचा होता मला.
रंग वाळून गेला तोवर.
पंधराशे ठरले होते, बाराशे मिळाले,
पाटी तशीच आहे, तिरकी.
खारा वारा लागला की बघू.