विरजण, खोली नंबर चौदा

याकूब परकारने खेडहून निघताना
विरजण रुमालावर वाळवून आणलं होतं,
इस्त्रीच्या शर्टांत घडी घालून.
सोहारला आल्यावर त्याचं रक्त तपासलं,
छातीचा फोटो काढला, दहाही बोटांचे ठसे घेतले.
रुमालाला कुणी काही विचारलं नाही.
त्यातल्या कोट्यवधींना व्हिसा लागला नाही.

त्याला आता सात वर्षं झाली.
चार खाटा, एक फ्रिज,
आणि स्टीलचा डबा, झाकणावर परकारचं नाव कोरलेलं.
रोज एक चमचा मागे ठेवायचा, एवढाच नियम.
जूनमध्ये तीन तासांत लागतं दही;
रात्रपाळी करून यावं तर आंबट ढाण.
जानेवारीत मात्र डबा टॉवेलात गुंडाळून
गिझरजवळ ठेवावा लागतो,
सर्दी झालेल्या पोरासारखा.

मी बंदराच्या तीन नंबर फाटकावर पास तपासतो.
म्हणजे तपासायचो.
एप्रिलात मानेत गाठ आली,
मग नळीतून थेंब थेंब ते लाल औषध,
मग उशीवर केस.

डॉक्टर खुलूद म्हणाल्या, दही सध्या नको.
घरचं तर नकोच.
सिस्टर लिसीने हिंदीत सांगितलं,
मी तरी दोनदा विचारलं.
दही नको?
हातावर दही घेतल्याशिवाय
मी कधी परीक्षेला गेलो नाही,
या देशालासुद्धा नाही.

त्या खुर्ची ओढून बसल्या.
म्हणाल्या, हे जंतू चांगलेच आहेत.
आतड्यात राहतात, वाईटांना जागा देत नाहीत,
तुझ्या शिपायांना शिकवतात
आपला कोण, परका कोण.
पण आज तुझे शिपाई आहेत दोनशे.
आणि औषधाने आतड्याची भिंत झिजली आहे.
चांगलासुद्धा चुकून पलीकडे गेला,
रक्तात, तर त्याला अडवणार कोण?

हे मला समजलं.
फाटकावर मी एकटा असलो, डोळा लागला,
की ओळखीचाच माणूस आत शिरतो,
खिशात सिगारेट, टाक्यांच्या रांगेकडे.
त्याच्या मनात काही नसतं.
टाकीच्याही मनात काही नसतं.

आनंदावर विरजण पडलं, असं आपण म्हणतो.
पहिल्यांदा म्हणणाऱ्याला
दही आवडत नसावं.

परकारने त्याच संध्याकाळी डबा हलवला
सोळा नंबरात, नेपाळच्या तिलकच्या खोलीत.
मला काही बोलला नाही.
रोज पाळी संपली की आधी तिकडे जायचा,
दूध तापवायचा, चमचा टाकायचा,
आणि इकडे येण्याआधी
वजू करावा तसे कोपरापर्यंत हात धुवायचा.
माझं पाणी उकळलेलं, माझं केळं त्याने सोललेलं.
स्वतः दही खाणं सोडलं होतं,
हे मला तिलककडून कळलं.
मग लावतोस कशाला, मी विचारलं.
मोडलं तर पुन्हा खेडला जावं लागेल, म्हणाला.
तिकीट तू काढणार?

दोनशे. साडेतीनशे. मग पुन्हा एकशे ऐंशी,
त्या रात्री ताप, हॉस्पिटल, तीन दिवस.
कूलरच्या घरघरीत मला वाटायचं,
आत कुणीतरी पास न दाखवता फिरतंय.
नऊशे.
खजुरांचे घड पिकून गेले, औषध संपलं,
दोन हजार शंभर.

डॉक्टर खुलूद कागदावरून मान न उचलता म्हणाल्या,
थोडं. ताजं असेल तर.

परकार दाराबाहेरच उभा राहिला, डबा छातीशी.
उंबरा ओलांडेना.
पास? मी म्हटलं.
त्याने झाकण उघडलं.
इतका पांढरा रंग मी महिन्यांत पाहिला नव्हता,
हॉस्पिटलात सगळंच पांढरं असूनही.

चमचा नको म्हटलं.
दुसऱ्या दिवशी स्कॅन होता.
हात पुढे केला, तळवा वर.
त्याने घातलं, मी चाटलं.
तो डब्यात डोकावून बघत होता,
मागे एक चमचा उरलाय की नाही.