अर्धा तास पाणी

गावाचं नाव बिरकत अल मौझ,
म्हणजे केळ्यांचं तळं.
नेमणुकीचं पत्र वाचून रावेरला भाऊ हसला होता,
केळी सोडून केळ्यांतच चाललास की.

तळं काही दिसलं नाही.
दिसलं कॉलेज, डोंगराच्या पायथ्याशी पांढरंफेक,
झेरॉक्सची तीन दुकानं, करक चहाची एक टपरी,
आणि पडदे ओढलेल्या मुलींच्या हॉस्टेलच्या बस.
सुट्टी लागली की गाव असं ओस पडतं
की झेरॉक्सवाला कुन्हीमोन
कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर गाल टेकून झोपतो.

मी माती शिकवतो. क्षार, निचरा, पोत.
तिसऱ्या बाकावरची झुवैना म्हणाली,
सर, माती दाखवता रोज,
आमचं पाणी बघितलंय कधी?

शुक्रवारी तिच्या भावाने गाडीतून नेलं,
छपरं गेलेल्या मातीच्या घरांपर्यंत,
तिथून पायी, खजुरींच्या सावलीत.
डोंगराच्या पोटातून निघालेला पाट,
गुडघाभर खोल, हातभर रुंद,
घाई नसलेला.
त्याला ते फलज म्हणतात.
मामाच्या गावी पांझरेकाठी
खांद्यावर फावडं टाकून पाटकरी यायचा,
पाळी कुणाची, हे त्याच्या चालीवरून कळायचं.
इथे पाळी काठीच्या सावलीवर.
सावली या दगडावर आली की नासरचं पाणी बंद,
हिलालचं सुरू.

मशिदीच्या वाट्याचं पाणी लिलावात जातं.
झुवैनाचे आजोबा खल्फान वही घेऊन बसलेले,
दहा-बारा माणसं, बोलणं जवळजवळ नाहीच.
माझ्या कानावर माशी बसली.
मी हात वर केला.

दीड रियाल.
मंगळवार, रात्री दोन ते अडीच.

पण मला शेत नाही, मी म्हणालो,
भाड्याचा दुसरा मजला, कुंडीत एक कढीपत्ता.
खल्फानने चिठ्ठी फाडली, वाळू फुंकली, हातात दिली.
शेत तुम्ही बघा, म्हणाला, पाणी येईल.

मंगळवारी कडाक्याची थंडी.
खल्फान डोंगराच्या कडेकडे बघत उभा,
एक तारा तिथे टेकायची वाट बघत.
नातवाच्या हातात मोबाईल, सेकंद धावताहेत.
झाले दोन, नातू म्हणाला.
तारा अजून बोटभर वर होता.
मोबाईलला सांग, खल्फान म्हणाला, थांब जरा.

मग त्याने चिंध्यांचा बोळा आणि दगड काढला
आणि माझं पाणी वळलं,
शेजारच्या केळीत, कुणा सैफच्या,
ज्याला मी आजवर भेटलेलो नाही.

मालकाने अशा वेळी काय करायचं असतं?
मी पॅन्ट दुमडून बाजूला उभा राहिलो,
लग्नात वाढपी कमी पडतात का ते बघत
मुलीचा मामा उभा राहतो तसा.
क्षार मोजायचं यंत्र खिशात होतं. काढलं नाही.
केळीची पानं वाऱ्याने चिरली होती,
रावेरला चिरतात तशीच,
आणि बुंध्याशी पाणी पोचताना
तोच आवाज, ताटात आमटी पसरल्यासारखा.

यंदा कॉलेजने वारसादालन उघडलं.
काचेमागे सावलीची काठी, कॉफीची दल्ला,
तांब्याचा तराजू. खाली झुवैनाच्या अक्षरात माहिती.
सर, तुमच्याकडचं काही द्या ना, ती म्हणाली,
चिठ्ठी द्या.

चिठ्ठीवर माझं आडनाव आहे.
अरबीत प नाही, म्हणून पाटीलचं
खल्फानने केलंय बातील.
मराठीत हे वाचलं की रद्दबातल आठवतं,
मी तिला समजावून सांगितलं, तर ती इतकी हसली
की बाजूचा पहारेकरी उठून आला.
शब्द आमचाच आहे, म्हणाली, तुम्ही कधी नेलात?

चिठ्ठी दिली नाही.
पासपोर्टात आहे, व्हिसाच्या पानाला लागून.
व्हिसा जूनपर्यंत.
चिठ्ठीवर तारीख नाही,
नुसतं मंगळवार.