ग्रॅम

टॉवेलच्या कारखान्यात चौदा वर्षं
माझं काम एकच:
एका चौरस मीटरला किती ग्रॅम.
काटा बघायच्या आधी बोटांना कळतं.
म्हणून सॅक भरायला घेतली तेव्हा
पहिला टॉवेलच बाहेर काढला.
हातरुमाल पुरतो. एकोणीस ग्रॅम.

तेवीस दिवस, पश्चिमेच्या डोंगरांत.
वाटेत दुकान नाही, सोबत कोणी नाही.
जे लागेल ते पाठीवर,
आणि जे पाठीवर नाही
ते लागायचंच नाही, अशी सवय
आतापासून.

दुपारच्या सुट्टीत कुडक्यालमामा
पॅकिंगचा काटा मोकळा करून देतात.
"आज काय कापलीस?"
टूथब्रशचा दांडा.
कंगवा, सहा दात ठेवून.
कॉलरमागची लेबलं, सॅकच्या लोंबत्या पट्ट्या.
नकाशातला समुद्र कापला,
तिकडं जायचंच नाही.
मामा हसत नाहीत. लिहितात,
मालाच्या वहीत मागच्या पानावर,
लाल शाईनं,
जशी मी परदेशी जाणारी एखादी गाठ.

चढ कुठून आणायचा?
सोलापूर म्हणजे तवा. सपाट, आणि खालून जाळ.
मग रेल्वेचा दादरा.
पहाटे साडेचारला, पाठीवर चौदा किलो ज्वारी,
चाळीस वेळा वर, चाळीस वेळा खाली.
पहिल्या दिवशी इरप्पा हमाल म्हणाला,
"कुणाला सोडायला आलाव?"
दुसऱ्या दिवशी म्हणाला,
"गाडी चुकाली का रोज?"
तिसऱ्या दिवशी काहीच बोलला नाही,
मागून येऊन कमरेचा पट्टा
दोन बोटं खाली ओढून आवळला.
खांदे एकदम रिकामे झाले.
इतके, की मी वळून बघितलं,
ज्वारी सांडली की काय.

त्याच ज्वारीतली चार किलो दळून आणली.
अम्मा विड्या वळून वळून बोटं पिवळी झालेली,
त्याच बोटांनी भाकरी थापते,
इतकी पातळ की धरली तर पलीकडचा बल्ब दिसतो.
मग गच्चीवर ऊन, मग तव्यावर पुन्हा मंद,
वाजेपर्यंत कडक.
महिनाभर बुरशी शिवत नाही.
एक भाकरी अडतीस ग्रॅम.
दिवसाला चार, एकूण ब्याण्णव.
शेंगाची चटणी, गूळ, मीठ वेगळं.

पाण्याचं मात्र कुणाला विचारलं नाही.
चार दिवसांआड नळ येतो आमच्या गल्लीत.
तांब्याभर पाण्यात तोंड, भांडं आणि तुळस,
याच क्रमानं,
हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं.
पुस्तकात लिहिलंय, माणशी रोज इतके लिटर.
अम्माला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "रोज?"

चादर राहिली.
अप्पांच्या मागावरची शेवटची,
जांभळी, कडेला मोरांची रांग,
एका मोराची चोच चुकलेली.
दोन किलो एकशे साठ.
तीनदा सॅकमध्ये घातली, तीनदा काढली.
चौथ्यांदा कात्री हातात घेतली, उघडली,
आणि ठेवून दिली.
अम्मानं ती झटकून स्वतःच्या खाटेवर पसरली,
भर एप्रिलात.
"मी वापरते तोवर," एवढंच म्हणाली.

काल शेवटचं वजन.
तेरा किलो सहाशे चाळीस.
मामांनी खाली दोन रेघा ओढल्या,
तारीख घातली, सही केली.

आज सॅक उचलली तर बोटं थबकली.
बोटांना कळतं.
सगळं उपसलं. भाकऱ्या मोजल्या.
त्र्याण्णव.
"ही कशाला?"
"वाटेत कुणी भेटलं तर."
"कुणी भेटणार नाही अम्मा, म्हणून तर..."
"मग तूच खा."

वहीत ब्याण्णवच आहेत.
मामांना सांगायचं नाही.

गाडी दहा चाळीसला.
दादरा आज एकदाच चढायचा.