नखी

गुदैबियात लाँड्रीच्या वरची खोली.
चार पलंग, एक एसी,
आणि भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत म्हणून
माझ्या उशाला झोपणारी गिटार.

बारा दिनारला घेतली, गावी परतणाऱ्या वेल्डरकडून.
सोबत तीन नख्या फुकट.
एक पातळ, नुसतीच फडफडणारी.
एक जाड, प्रत्येक तारेला ठेचकाळणारी.
तिसरी मधली; तिच्यावर कुणाचे तरी दात उमटलेले.

हॉटेलात वाजवणारा रेमेदियुस शुक्रवारी यायचा.
मनगट सैल सोड, म्हणायचा, कोपर विसर.
दार काय ठोठावतोस? घरातलाच आहेस.
मी मनगट सोडलं की नखी निसटायची,
नखी धरली की खांदा कानाला भिडायचा.
अंगठा आणि तर्जनी, तो म्हणायचा, अंगठा आणि तर्जनी.

माझ्या तर्जनीचं टोक
मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात राहिलंय.
त्याला सांगितलं नव्हतं. कसं सांगतात हे?
त्यानेही कधी बघितल्यासारखं केलं नाही.

दिवसा मी सूकमध्ये घड्याळं उघडतो.
चिमटा धरतो मधल्या बोटाने आणि अंगठ्याने,
तळहाताची कड टेबलाला टेकून,
केसाएवढी स्प्रिंग उचलताना श्वाससुद्धा बाजूला ठेवून.
अकरा वर्षं. एकही स्प्रिंग वाकडी झालेली नाही.
हा हात रात्री खोलीत येताना
मी दुकानातच ठेवून येत होतो.

बिजुमोनला पहाटे तीनला बेकरीत जायचं असतं,
त्यामुळे वाजवायचं ते एसीच्या आवाजाखाली.
अशाच एका रात्री, दमलेलो होतो, विचार केला नाही,
नखी चिमट्यासारखी धरली गेली.
हाताची कड लाकडाला टेकली.
तार नुसती उचलली, आणि सोडली.
ती बोलली. हळू, पण पूर्ण वाक्य.

पुढच्या शुक्रवारी रेमेदियुस म्हणाला, हे चूक आहे.
मग म्हणाला, परत वाजव.
मग बराच वेळ कपातला सुलेमानी ढवळत बसला,
साखर केव्हाच विरघळली होती.
असं मी कुणाला शिकवणार नाही, म्हणाला,
पण तू आता बदलू नकोस.
वेग मात्र तुला येणार नाही, हेही त्यानेच सांगितलं.
खरं आहे. आलेला नाही.

काल ती दातांची नखी गिटारच्या पोटात पडली.
उलटी केली, हलवली, पलंगावर उभा राहून हलवली.
बाहेर काय आलं, तर धूळ,
आणि घड्याळाचा एक बारीक स्क्रू,
जो मी मार्चपासून शोधत होतो.
बिजुमोन कुशीवर वळून काहीतरी मल्याळममध्ये पुटपुटला,
त्यात आईचा उल्लेख असावा.

नखी अजून आतच आहे.
मी अंगठ्याच्या मांसाने वाजवतोय,
आणि चाल बदलताना
ती आत खुळखुळते,
थोडी उशिराच.