दीड इंच माया

उभी राहा, पद्मजा. हात वर. श्वास आत ओढू नकोस,
टेप बघितली की सगळ्या ओढतात,
मग घरी जाऊन सोडतात
आणि उसवलेल्या ब्लाउजाबद्दल नाव माझं निघतं गणपत गल्लीत.

होय, मीही गेले होते. कुणाला बोलले नाही.
भिशीचे पैसे पर्सच्या तळाशी, वर जेवणाचा डबा.
टिळकवाडीत दुसरा मजला, खाली आइस्क्रीमचं दुकान.
डॉक्टर हुक्केरी. सडपातळ माणूस, नखं स्वच्छ.
आरशासमोर उभं केलं
आणि जांभळ्या पेनानं पोटावर रेघा ओढल्या,
गोलात गोल, गोलात गोल,
मी खडूनं टक्स आखते तशा.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
कापड मी होते.

"वजन कमी करायची ही वाट नव्हे," ते म्हणाले.
"काटा थोडासा हलेल, बस्स.
आतड्यांभोवती साचलंय तिथवर माझी नळी जात नाही.
ते चालण्यानं गेलं तर जाईल."
मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली,
जागेवर परतायला तिनं वेळ घेतला.
तीन बाळंतपणं, मी म्हटलं, कुणी विचारलं नसताना.

उशीतला कापूस निम्मा काढला
तर अभ्रा आपणहून आटत नाही गे,
हे मला कुणी शिकवायला नको.
"मग अभ्रा?" मी विचारलं.
डॉक्टर पहिल्यांदा हसले.
"त्याचं ऑपरेशन वेगळं. टाके वेगळे. बिल वेगळं."

कागद कानडीत आणि इंग्रजीत.
रुद्रव्वा सिस्टर, बैलहोंगलची, जवळ सरकून बसली
आणि बोट ठेवत ठेवत तिच्या मराठीत वाचत गेली:
हितं लिवलंय, रक्ताची गाठ होऊ शकते, पायात, फुप्फुसात पण.
हितं, चरबीचा कण रक्तात जाऊ शकतो. लई थोड्या जणींना. पण जातो.
हितं, जागा बधिर राहील, महिने.
हितं, एक बाजू उंच एक खोल, असं पण होतंय.
हितं सही.

पेन मात्र तिनं माझ्या हातात दिलं नाही.
"अक्का, रक्त पातळ व्हायची गोळी घेता काय?
भूल देणारे कोण, इचारला काय?
रात्री घरी कोण हाय तुमच्यासंगं?"
हे कागदावर नव्हतं.

आणि तो पट्टा. कित्येक आठवडे, रात्रंदिवस, घट्ट.
मी उलटा करून शिवण बघितली. सवय.
शिवण चांगली होती.
सूज उतरून खरा आकार दिसायला सहा महिने म्हणे,
आणि माझी मशीन तर पोटाशीच लागते.
नंतर पुन्हा जाड झालं
तर जिथं उरलीय तिथं जाऊन बसते चरबी,
पाहुणी दुसऱ्या खोलीत शिरते तशी.

मी सही केली नाही. नको असंही म्हटलं नाही.
"येते" म्हटलं.
रेघा जायला चार दिवस लागले, साबण, खोबरेल, सगळं करून.
तोवर न्हाणीत मी स्वतःला नकाशासारखी बघत होते:
कुठली रेघ कुणी ओढली, विचारल्याशिवाय.

तुझं वेगळं असेल. बत्तिशीची तू, कातडी घट्ट,
वजन वर्षभर तेवढंच, माझ्या वहीत आहे ना.
करावंसं वाटलं तर कर, मी कोण.
फक्त दिराच्या लग्नासाठी म्हणून नको करू,
लग्न जूनमध्ये आहे, जूनमध्ये तू सुजलेली असशील.
आणि तो हात नळीवर किती वर्षं बसलाय, ते विचार.
मीही शिकाऊ पोरीला पैठणी देत नाही.

हा तुझा मागचा ब्लाउज. आतून बघ,
दोन्ही कडांना दीड इंच माया सोडलीय.
भरलीस तर उसवून देईन,
उतरलीस तर आत घेईन.
देहातही कुठं अशी माया ठेवलेली असते का,
डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं बघ.

हात खाली कर आता. श्वास घे.
सदतीस लिहिते.